सॅमसंग टी७ (१ टीबी) रिव्ह्यू: घरचे फोटो, रेकॉर्डिंग, कामाच्या फायली पेनड्राइव्हवर ठेवत असाल तर जरूर वाचा

सॅमसंगची टी७ पोर्टेबल एसएसडी (म्हणजे खिशात मावणारी, चिपवर फायली साठवणारी डिस्क), १ टीबीवाली, सिल्वर मॉलमधून घेतली आणि आता चांगली वापरून झालीये म्हणून सविस्तर लिहितेय. आधीच सांगते, वस्तू मला आवडलीये, घ्या म्हणूनच सांगेन, पण नुसती ही घेतली की फायली सुरक्षित झाल्या असं समजून घेणार असाल तर थांबा आणि पूर्ण वाचा, कारण यात स्पीडबिडपेक्षा महत्त्वाचं बोलायचंय ते पेनड्राइव्हबद्दल आणि बॅकअपबद्दल.

मी इंदूरला घरूनच डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम करते. लग्नमुंजीच्या पत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, गणपतीत कार्यक्रमपत्रिका, एकसष्टी-पंच्याहत्तरीची पुस्तकं, मराठी आणि हिंदी दोन्ही. म्हणजे कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फायली, पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फायली (हो, अजून लागतात, मागच्या स्मरणिकेतलं कार्यकारिणीचं पान तसंच उचलून द्या म्हणणारे लोक आहेत), लोकांनी दिलेले जुने फोटो स्कॅन केलेले. हे फोटो माझे नसतात, कोणाच्या तरी आजोबांचा एकमेव फोटो असतो तो, आणि मूळ कागद पिवळा पडून तुकडे व्हायला आलेला असतो. त्यामुळे साठवणुकीच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे आणि नवीन काही घेतलं की आधी त्याचा पूर्ण कस बघते.

वस्तूबद्दल. एटीएम कार्डाएवढी लांबीरुंदी, जाडी ८ मिमी, वजन ५८ ग्रॅम, अंग ॲल्युमिनियमचं. २०२० पासून बाजारात आहे, म्हणजे नवी कोरी नाही, पण त्यामुळेच तिच्यात काय चांगलं काय वाईट ते लोकांना माहीत झालंय आणि मला बॅकअपच्या बाबतीत असंच जुनं झालेलं मॉडेल बरं वाटतं. डब्यात दोन केबल येतात, एक दोन्हीकडे टाइप-सी आणि एक सी-टू-साधा यूएसबी, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवाल्यांनाही वेगळी केबल घ्यावी लागत नाही. वॉरंटी ३ वर्षं. कंपनी म्हणते २ मीटरवरून पडली तरी चालेल, मी मुद्दाम पाडून बघितलेली नाही. पाण्याचं मात्र लक्षात घ्या, साध्या टी७ ला पाणी-धुळीचं रेटिंग नाहीये, ते टी७ शील्डला आहे, आयपी६५, ती रबरी कव्हरवाली आणि जरा जड, ९८ ग्रॅम. बाहेर शूटिंगला वगैरे जाणाऱ्यांनी ती घ्यावी, टेबलावर काम करणाऱ्यांना साधी पुरते.

आता ही घ्यायचं कारण. आमच्या शेजारच्या काकू, गाणं शिकवायच्या, आता थकल्यात. त्यांच्या गुरुजींच्या तालमीच्या कॅसेट होत्या, घरात बसून टेपरेकॉर्डरवर केलेल्या, बाजारात कुठे मिळणाऱ्या नाहीत. त्यांच्या भाच्याने त्या सगळ्या कॉम्प्युटरवर घेऊन दिल्या, चांगल्या डब्ल्यूएव्ही फॉरमॅटमध्ये, ज्यात एका तासाला साधारण ६०० एमबी जातात, आणि ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर भरून काकूंना दिल्या. भाचा पुढे बाहेर गेला, लॅपटॉप बदलला, कॅसेटला बुरशी लागून त्या टाकल्या गेल्या. राहिला तो पेनड्राइव्ह. काकूंनी तो देवघराच्या कपाटात डबीत जपून ठेवला होता, कोणाला हात लावू देत नव्हत्या. बऱ्याच काळाने माझ्याकडे आणला, म्हणाल्या, "अगं, मोबाइलमध्ये ऐकता येईल असं काहीतरी करून दे." मी लॅपटॉपला लावला तर ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा असा मेसेज.

हा मेसेज ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीय पोटात काय होतं ते. कोणाच्याही बाबतीत हा मेसेज आला तर फॉरमॅट दाबू नका, चेकडिस्क पण चालवू नका (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, ते दुरुस्त करायच्या नादात लिहायला लागतं त्याच ड्राइव्हवर), इकडून काढून तिकडे लावून दहा कॉम्प्युटरवर बघू नका. काढा आणि बाजूला ठेवा. मी तेच केलं आणि काकूंना घेऊन आरएनटी मार्गावर सिल्वर मॉलला गेले. तिथे एक डेटा रिकव्हरीचं काम करणारा मुलगा आहे, एवढासा काउंटर, मागे सोल्डरिंगचं टेबल आणि मायक्रोस्कोप. त्याने ड्राइव्ह हातात घेतल्या घेतल्या पहिलं वाक्य बोलला, "आंटीजी, अब इसको कहीं मत लगाना, और इसमें कुछ कॉपी मत करना." मला तिथेच पटला तो. ज्याला काम येतं तो आधी हेच सांगतो. आणि पैसे डेटा निघाला तरच, आणि आधी यादी दाखवणार, मग पैसे.

त्याने प्लॅस्टिक उघडून दाखवलं. नखाएवढी दोन काळी चौकोनी चिप हिरव्या पट्टीवर, एक मोठी, एक छोटी. मोठी ती मेमरी, म्हणजे फ्लॅश, आणि छोटी तो कंट्रोलर. काकूंना वाटत होतं गाणी मोठ्या चिपमध्ये आहेत तर ती काढून दुसऱ्यात बसवली की झालं. तसं होत नाही. फ्लॅशमध्ये डेटा एका ओळीत सलग ठेवलेला नसतो, कंट्रोलर तो हवा तसा विखरून ठेवतो म्हणजे सगळे भाग सारखे झिजावेत, आणि कुठलं पान कुठे आहे याचा तक्ता स्वतःच ठेवतो, तोही त्याच फ्लॅशमध्ये. तो तक्ता बिघडला की फायली असून दिसत नाहीत. तो मुलगा म्हणाला, किताबें सब रखी हैं, रजिस्टर जल गया. एका वाक्यात काकूंना कळलं जे मी रस्ताभर समजावून समजावून कळत नव्हतं. आणि बरेच नवे स्वस्त पेनड्राइव्ह असे असतात की त्यात दोन चिप वेगळ्या नसतातच, सगळं एकाच काळ्या वडीत ओतलेलं, त्यातून काढायचं तर वरचा लेप खरवडून केसाएवढ्या तारा जोडाव्या लागतात, काम महाग आणि भरवसा कमी. ड्राइव्ह घेताना हे बाहेरून कळत नाही ही त्यातली वाईट गोष्ट.

मग डेटा गेला कशाने? यावर त्याच्याशी बराच वेळ बोलले आणि नंतर घरी येऊन वाचलं पण. फ्लॅशमध्ये प्रत्येक खाना म्हणजे एक बारीकसा कप्पा ज्यात इलेक्ट्रॉन अडकवून ठेवलेले असतात, आणि किती अडकलेत त्यावरून ० की १ ते ठरतं. ही कल्पना तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांची, १९८० च्या दशकातली, नँड फ्लॅश १९८७ मध्ये जाहीर झाली. कप्प्याच्या भोवती ऑक्साइडचा थर असतो तो इलेक्ट्रॉनना धरून ठेवतो. दर वेळी पुसून लिहिलं की तो थर थोडा झिजतो. आधी एका कप्प्यात एकच बिट ठेवायचे, तेव्हा लाखभर वेळा पुसून लिहिता यायचं. मग स्वस्त करायचं म्हणून एकात दोन, तीन, आता चार बिट ठेवायला लागले, आणि तीनवाल्यात हा आकडा एक ते तीन हजारांवर आलाय, चारवाल्यात अजून खाली. चार बिट म्हणजे एकाच कप्प्यात १६ वेगवेगळ्या पातळ्या ओळखायच्या, थोडेसे इलेक्ट्रॉन गळले तरी वाचन चुकतं.

आणि ते गळतातच. नुसता ठेवून दिला तरी गळतात, आणि जितकी उष्णता जास्त तितके लवकर. आता आपल्या इंदूरचा मे महिना डोळ्यासमोर आणा, ४२ डिग्री बाहेर, आणि वरच्या मजल्यावरचं पश्चिमेच्या भिंतीचं लोखंडी कपाट. काकूंनी जिवापाड जपला, पण जपणं म्हणजे न वापरणं असं त्यांना वाटलं, आणि पेनड्राइव्हच्या बाबतीत तसं होत नाही. बरं, त्या चिपसुद्धा पेनड्राइव्हला कुठल्या दर्जाच्या लावतात ते डब्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. चांगला माल एसएसडीत आणि मोबाइलमध्ये जातो, ब्रँडशिवायच्या स्वस्त पेनड्राइव्हमध्ये उरलेला माल पण लागतो.

काकूंचं झालं असं की त्या मुलाला कंट्रोलरकडून कच्चा डेटा वाचता आला. त्याने आधी पूर्ण ड्राइव्हची एक नक्कल बनवली आपल्या डिस्कवर आणि सगळं काम त्या नकलेवर केलं, मूळ ड्राइव्ह बाजूला. हे विचारायला विसरू नका कोणाकडे दिलं तर, नक्कल करून मग काम करता का, नाही म्हणाला तर उठून या. फायली बऱ्याचशा आल्या पण नावं सगळी गेली. फोल्डरचा तक्ताच गेलेला, त्यामुळे सॉफ्टवेअर नुसतं डब्ल्यूएव्ही फाइलची सुरुवात कशी असते ते ओळखून तिथून पुढे उचलतं. तारीख नाही, राग नाही, नुसते आकडे. आणि जिथे फाइल तुकड्यातुकड्यांत होती तिथे दोन रेकॉर्डिंग जुळून गेलीयत, यमन चालू असतो आणि मध्येच खट्कन भूप सुरू होतो वेगळ्याच तंबोऱ्यावर. काकू माझ्याकडे येऊन बसतात, मी एकेक लावते, त्या डोळे मिटून दोन आलाप ऐकतात आणि सांगतात, हा अमक्या वर्षीचा, तेव्हा गुरुजींना सर्दी होती. मी नाव टाकते. जे नाहीच आले त्यातला एक मारवा होता, तो राहून राहून विचारतात.

हे सगळं टळलं असतं जर दुसरी एक कॉपी कुठेही असती. कुठेही. म्हणून मी एवढं लिहितेय.

पेनड्राइव्ह जायची बाकीची कारणं पटापट सांगते. कनेक्टर हलतो, लॅपटॉपला लावलेला असताना धक्का लागला की आतला सोल्डर तुटतो, हे सगळ्यात कमी वाईट कारण कारण यात डेटा बहुतेक वेळा पूर्ण निघतो. कॉपी चालू असताना ओढून काढणं, त्यात तो वरचा तक्ता लिहिता लिहिता अर्धवट राहतो. विंडोज १० मध्ये २०१८ च्या अपडेटपासून पेनड्राइव्हला क्विक रिमूव्हल हीच सेटिंग असते म्हणून लोक म्हणतात आता इजेक्टची गरज नाही, पण ते कॉपी पूर्ण संपलेली असेल तरच, आणि संपली की नाही ते आपल्याला दिसणाऱ्या खिडकीवरून नेहमी कळतंच असं नाही, म्हणून मी अजून इजेक्ट करूनच काढते. मग व्हायरस. झेरॉक्सच्या दुकानात, सायबर कॅफेत, छापखान्यात लावलेला पेनड्राइव्ह घरी आणला की फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतात, हे इंदूरमध्ये ज्याने कोणी प्रिंट काढलीय त्याने अनुभवलंय. यात फायली बहुतेक वेळा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात, घाबरून फॉरमॅट मारू नका, शॉर्टकटवर क्लिक पण करू नका, अँटीव्हायरस चालवून मग हिडन फायली दिसण्याची सेटिंग चालू करा, मिळतात.

आणि नकली कपॅसिटी, यावर मात्र जरा थांबते. फुटपाथवर नाहीतर ऑनलाइन सेलमध्ये १ टीबी, २ टीबीचा पेनड्राइव्ह चारपाचशे रुपयांत मिळतो ना, तो खरा १ टीबीचा नसतोच. आत ८ नाहीतर १६ जीबीची चिप असते आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. विंडोज १ टीबी दाखवतं, कॉपी पण पूर्ण होते, एरर येत नाही, नावं सगळी दिसतात. पण खरी जागा संपली की पुढचा डेटा एकतर हवेत जातो नाहीतर फिरून पहिल्यावरच लिहिला जातो. उघडायला गेलं की फाइल करप्ट. लग्नाचे फोटो यात टाकून पाहुण्यांना वाटणारे लोक मी बघितलेत, बिचाऱ्यांना महिन्यांनी कळतं. तपासायला फुकटचं सॉफ्टवेअर आहे, एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं, जर्मन मासिकवाल्यांनी केलेलं, पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. वेळ खूप घेतं, ६४ जीबीच्या स्लो ड्राइव्हला काही तास, रात्री लावून झोपायचं. मी प्रत्येक नव्या ड्राइव्हवर चालवते, टी७ वर पण चालवलं, स्वच्छ पास झाली.

आता टी७ चा स्पीड. डब्यावर १०५० एमबी प्रतिसेकंद वाचायला आणि १००० लिहायला असं लिहिलंय, ते खरं आहे पण तुमच्या लॅपटॉपचा पोर्ट १० जीबीपीएसचा असेल तर. माझा ५ जीबीपीएसचा आहे, मला ४०० च्या आसपास मिळतो आणि तो सुद्धा माझ्या कामाला उदंड आहे, १०० जीबीचं स्मरणिकांचं फोल्डर पाचेक मिनिटांत गेलं. हेच जुन्या काळ्या यूएसबी २ पोर्टला लावलं तर ३५-४० वर येतं आणि पाऊण तास लागतो, मग लोक म्हणतात एसएसडी खराब आहे. पोर्ट बघा आधी. एकदम खूप मोठा डेटा सलग टाकला की मधेच स्पीड पडतो, कारण आधी वेगवान कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या जागेत, घेते आणि ती भरली की मूळ वेगावर येते, यात काही बिघाड नाही. गरम होते, हाताला लागते, पण चटका नाही.

कंपनीकडून ती एक्सफॅट फॉरमॅट होऊन येते म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हीत चालावी. माझं सगळं विंडोजवर असल्यामुळे मी ती रिकामी असतानाच एनटीएफएस करून घेतली, त्यात जर्नल म्हणजे बदलांची नोंदवही असते, त्यामुळे लिहिता लिहिता लाइट गेली किंवा केबल निघाली तर फाइल सिस्टिम सावरायची शक्यता एक्सफॅटपेक्षा बरीच चांगली. दोन्ही प्रकारचे कॉम्प्युटर असतील त्यांनी एक्सफॅटच ठेवावं, पण इजेक्ट केल्याशिवाय काढू नये.

पासवर्डची सोय आहे, एईएस २५६ बिट एन्क्रिप्शन, सॅमसंगच्या सॉफ्टवेअरमधून लावता येतो. चांगली सोय आहे, बाहेर नेताना हरवली तर कोणी उघडू शकत नाही. पण पासवर्ड विसरला तर तुम्ही पण उघडू शकत नाही, रीसेट होते ती सगळा डेटा पुसूनच. म्हणून घरातल्या फोटोंच्या ड्राइव्हला लावायचा तर पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसाला ठाऊक असू द्या. माझ्या मिस्टरांना माहितीय कुठल्या डायरीत आहे ते.

तक्रार म्हणाल तर केबल आखूड आहे, डेस्कटॉपला मागे लावली तर लोंबकळते, मी नेहमी टेबलावर सपाट ठेवते. आणि दुसरी तक्रार म्हणजे किंमत, पेनड्राइव्हच्या कितीतरी पट. तेवढ्याच पैशात दुप्पट जागेची साधी हार्डडिस्क येते.

आणि खरं सांगायचं तर काही कामाला ती साधी हार्डडिस्कच बरी. हे एसएसडी विकणारे सांगत नाहीत. टी७ मध्ये पण फ्लॅशच आहे, दर्जा चांगला, कंट्रोलर चांगला, पण इलेक्ट्रॉन तेच. एसएसडीसाठी जेडेक नावाच्या संस्थेचं मानक आहे, त्यात साध्या ग्राहकाच्या एसएसडीने तिची लिहिण्याची पूर्ण मर्यादा वापरून झाल्यावर वीज न देता ३० डिग्रीला १ वर्ष डेटा टिकवावा एवढीच अपेक्षा आहे. आपली एसएसडी त्या मर्यादेच्या जवळ पण गेलेली नसते त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच टिकतो, पण वर्षानुवर्षं कपाटात बंद ठेवायची ही वस्तू नव्हे. शिवाय एसएसडीवरून चुकून डिलीट झालेलं परत मिळणं अवघड, ट्रिम (डिलीट झालेली जागा मोकळी झाली असं एसएसडीला कळवायची सोय) चालू असेल तर ती मागच्या मागे जागा साफ करून टाकते. हार्डडिस्कवर चुंबकीय पद्धतीने लिहिलेलं असतं, ती पडली तर मेली, हालचाल तिला सोसत नाही, पण शांत कपाटात ठेवायला चांगली, आणि तिला पण सहा महिन्यांनी लावून फिरवून बघायचं.

म्हणून माझी व्यवस्था अशी आहे. चालू काम लॅपटॉपवर. रोज संध्याकाळी काम संपलं की टी७ लावते आणि फ्रीफाइलसिंक नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवते, ते फक्त बदललेल्या फायली घेतं. त्यात व्हर्जनिंगची सेटिंग चालू केलीय, म्हणजे मी एखादी फाइल बदलली किंवा उडवली तर बॅकअपमधली जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये तारखेसकट राहते. ही सेटिंग नसेल तर लॅपटॉपवर बिघडलेली फाइल बॅकअपमधल्या चांगल्या फाइलवर जाऊन बसते आणि दोन्हीकडे बिघडलेली उरते. झालं की इजेक्ट आणि टी७ खणात. लावून ठेवायची नाही, कारण रॅन्समवेअर (फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आला तर जे जे जोडलेलं आहे ते सगळं लॉक करतो, वीज चमकली तर दोन्ही एकदम जातात.

२ टीबीची साधी हार्डडिस्क देवासला भावाकडे असते. दर सणाला जाणं होतंच, राखी, दिवाळी, तेव्हा जाताना इथे भरलेली नेते आणि तिथली घेऊन येते, दोन आहेत तशा. आग, चोरी, पाणी यांत घरातल्या सगळ्या कॉपी एकदम जातात, म्हणून एक घराबाहेर पाहिजेच. वहिनी हसायच्या आधी, मग त्यांनी स्वतःच्या मुलांचे लहानपणचे फोटो पण त्यातच टाकायला दिले. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, एक घराबाहेर, हा हिशेब पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने लोकांपर्यंत नेला आणि अजून त्याच्यापेक्षा सोपं मला काही सापडलेलं नाही.

क्लाउड पण आहे, पण त्याबद्दल गैरसमज फार. गुगलचे फुकट १५ जीबी आहेत ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं मिळून, आणि फोटो फुकट अमर्याद ठेवायची सोय १ जून २०२१ पासून बंद झालीय, अजून कित्येकांना वाटतं चालू आहे. मी पैसे भरून जास्त जागा घेतलीय, काकूंच्या रेकॉर्डिंगसाठी आणि लोकांच्या जुन्या फोटोंसाठी. पण नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, इकडे फाइल उडवली की तिकडे पण उडते, ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते मग कायमची जाते. आणि दोन वर्षं कोणी लॉगिनच केलं नाही तर गुगल ते खातं आणि त्यातला सगळा डेटा काढून टाकू शकतं, हे नियमात आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या किंवा गेलेल्या माणसांच्या खात्यात फोटो असतील तर आत्ताच बघून घ्या.

बॅकअप झाला असं समजायच्या आधी उघडून बघा. मी महिन्यातून एकदा हार्डडिस्क किंवा टी७ दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावते, मधल्याच कुठल्या तरी वर्षाची चारदोन फोल्डर उघडते, कोरलची फाइल पूर्ण उघडून बघते, फक्त नाव बघून पुढे जात नाही. फार महत्त्वाच्या फायलींचा सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरमधून राइट क्लिक करून एसएचए-२५६, म्हणजे फाइलचा ठसा म्हणावा असा लांबलचक आकडा, काढून ठेवलाय एका यादीत, परत काढला आणि तोच आला म्हणजे एक बिटही बदललेला नाही. काकूंच्या प्रत्येक रेकॉर्डिंगचा असा काढून ठेवलाय. जुन्या स्मरणिकांबरोबर त्यातले फॉण्ट पण ठेवा, श्रीलिपी नाहीतर कृतिदेव जे असेल ते, आणि एक पीडीएफ, नाहीतर फाइल असून वाचता येत नाही अशी गत होते.

पेनड्राइव्ह मी सोडलेला नाही, छापखानेवाले अजून पेनड्राइव्हच मागतात आणि ते बरोबरही आहे, मोठी फाइल त्यातूनच पटकन जाते. फक्त त्यात जे जातं ते छापायची पीडीएफ, मूळ फाइल कधीच नाही. ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल जात नसेल तर ड्राइव्ह फॅट३२ आहे म्हणून, खराब आहे म्हणून नव्हे, एक्सफॅट करून घ्या. छापखान्यातून आला की आधी स्कॅन, मग फॉरमॅट, मग पुन्हा वापर.

घेणार असाल तर दोन गोष्टी. बिल पक्कं घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, डब्यावरचा आणि ड्राइव्हवरचा नंबर काउंटरवरच जुळवा, वॉरंटीला तोच लागतो. आणि वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळते, आतला डेटा नाही मिळत, कुठलीच कंपनी देत नाही. बजेट कमी असेल तर टी७ बाजूला ठेवा आणि तेवढ्याच पैशात १ टीबीच्या दोन साध्या हार्डडिस्क बसतात का बघा, एक घरी, एक बहिणीकडे किंवा सासरी-माहेरी. बजेट असेल तर टी७ आणि एक हार्डडिस्क. माझ्याकडून टी७ ला पाचपैकी साडेचार, अर्धा गुण त्या आखूड केबलचा कापला.